किती पैसे म्हणजे पुरे? स्वतःचा आकडा काढायची घरगुती रीत

सुखी व्हायला पैसा लागतो का, ह्यावर आपल्याकडे दोनच उत्तरं ऐकायला मिळतात, एक कीर्तनातलं आणि एक शेअर मार्केटच्या रील्समधलं. पहिल्यात सगळं मनावर असतं, दुसऱ्यात सगळं एसआयपीवर, म्हणजे म्युच्युअल फंडातल्या दरमहाच्या हप्त्यावर. दोन्ही ऐकून छान वाटतं आणि पंचवीस तारीख आली की आपण परत होतो तिथेच. मला वाटतं प्रश्न जरा बारीक करून विचारला तर उत्तर निघतं. माझ्या घरातली कुठली दुःखं पैशाने जातात, ती साधारण किती रुपयांत जातात, आणि कुठली कितीही ओतले तरी जागची हलत नाहीत? हे चक्क कागदावर मांडता येतं, रविवारची एक दुपार पुरते, फक्त जेवणानंतर डोळा लागायच्या आत बसा.

आधी त्रासांची यादी, जमाखर्च नंतर

कोरा कागद घ्या. एक्सेल नको, एक्सेल उघडलं की अर्धा तास रकान्यांना रंग देण्यातच जातो. गेल्या वर्षभरात कशाकशाने झोप उडाली, कशावरून घरात आवाज चढले, कुठली गोष्ट टाळत राहिलात ते सगळं लिहून काढा, क्रम लावू नका, लाजू नका. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललं. फी भरायची तारीख उलटली आणि शाळेच्या ग्रुपवर नाव आलं. नवरा घरात शिरतो तोच वैतागलेला. लोकलमध्ये रोज जाऊन येऊन तीन तास. भाऊ बोलत नाही. घरमालकाने अकरा महिने संपायच्या आधीच भाडं वाढवायचं काढलं. असं सगळं.

आता प्रत्येक ओळीपुढे खूण करा. पैसे असते तर हे झालंच नसतं, तिथे 'प'. पैसे असूनही झालंच असतं, तिथे 'न'. आणि तिसरी एक खूण लागते जी सहसा कोणी करत नाही, ती म्हणजे पैसे कमवायच्या नादातच हे झालंय, तिथे 'क'. वैतागलेला नवरा बहुतेक वेळा 'क' मध्ये निघतो. लोकलचे तीन तास दोन्हीकडे जातात, ऑफिसजवळ घर परवडत नाही म्हणून 'प', आणि तीच नोकरी धरून बसलोय म्हणून 'क'.

मग मोजा. 'प' भरपूर असतील तर कोणी कितीही समाधानाचे डोस पाजले तरी ऐकू नका, तुम्हाला आत्ता पैसाच हवाय आणि तो हवासा वाटण्यात काही कमीपणा नाही. 'क' जास्त निघाले तर आणखी मोठ्या पगाराच्या नोकरीला अर्ज करण्याआधी जरा थांबा. 'न' जास्त असतील तर पुढचं वाचा, पण फार आशा ठेवू नका.

पहिल्या गटाबद्दल मी एवढं ठामपणे बोलतेय कारण त्यावर आपल्याच देशात झालेला एक अभ्यास आहे. २०१३ साली 'सायन्स' ह्या नियतकालिकात तो छापून आला, तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांवर केलेला. उसाचा मोठा पैसा वर्षातून एकदाच हातात येतो, त्यामुळे तोच माणूस तोडणीआधी कडकीत असतो आणि तोडणीनंतर मोकळा. संशोधकांनी त्याच शेतकऱ्यांना दोन्ही वेळी डोकं चालवायच्या चाचण्या दिल्या आणि कडकीच्या दिवसांत तीच माणसं स्पष्टपणे कमी पडली. शेतकरी तोच, फक्त डोक्यातली बरीच जागा देण्यांनी अडवून ठेवलेली. कोल्हापूर-सांगलीकडे ज्यांचं उसाचं बिल अडकलंय त्यांना हे सांगायला संशोधक कशाला हवेत म्हणा, कायद्याने ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान भावाचे पैसे मिळायला पाहिजेत, आणि ते लांबले की सोसायटीचं कर्ज, खताची उधारी, पोराच्या कॉलेजची फी हे सगळं एकाच आठवड्यात अंगावर येतं. अशा माणसाला 'पैशात काय सुख असतं का' असं ऐकवणारा सहसा एक तारखेला पगार होणारा असतो, हे माझं निरीक्षण.

पहिला आकडा: घाबरायचं थांबण्यापुरता

सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच, म्हणून ह्यावर वेळ घालवा.

समजा घरखर्च महिना ३८,००० आहे. त्यात घराचा हप्ता १४,०००, किराणा-दूध-भाजी ९,०००, शाळा आणि क्लास ६,०००, आईबाबांची औषधं २,५००, लाइट-गॅस-मोबाइल-नेट ३,०००, पेट्रोल २,५००, आणि हजारभर कुठे जातात कळत नाही ते. आता विचारा, उद्या नोकरी गेली तर ह्यातलं काय बंद करता येईल? क्लास बंद, नेटचा प्लॅन छोटा, पेट्रोल निम्म्याहून कमी, बाहेरचं खाणं बंद, तो कळत नाही वाला हजार पण बंद. उरतो हप्ता १४,०००, किराणा ८,०००, शाळा ४,०००, औषधं २,५००, बिलं २,५००, पेट्रोल १,०००, म्हणजे ३२,०००. हा तुमचा न टळणारा खर्च. सहा महिन्यांचे झाले १,९२,०००. एवढे पैसे हाताशी असतील तर साहेबाने केबिनमध्ये बोलावल्यावर पोटात जो गोळा येतो तो जरा लहान होतो. सुखाची ह्यापेक्षा ठोस व्याख्या मला तरी माहीत नाही.

ह्यात एक गोष्ट हमखास सुटते, वर्षातून एकदाच येणारे खर्च. शाळेची टर्म फी, गाडीचा विमा, गावाकडच्या गणपतीची वर्गणी आणि तिकिटं, दिवाळी, घरपट्टी, दोन-तीन लग्नांचे आहेर. ह्यांची बेरीज समजा ६०,००० आली तर महिन्याला ५,००० आधीच बाजूला पडायला हवेत, नाहीतर दिवाळी क्रेडिट कार्डावर जाते आणि संक्रांत येते तरी फेडत बसावं लागतं. कार्डाचं सगळं बिल न भरता नुसता 'मिनिमम ड्यू' भरत राहिलात तर व्याज महिन्याला साधारण साडेतीन टक्के लागतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर, ह्या वेगाने आपल्याला परतावा देणारी एसआयपी अजून जन्माला यायचीय. तेव्हा कागदावर कार्डाची थकबाकी किंवा सावकाराचं देणं दिसत असेल तर पहिला पैसा तिकडे.

हा राखीव पैसा कुठे ठेवायचा? बँकेत, एफडी किंवा आरडीत, कंटाळवाण्या जागी. भिशी चांगली, ओळखीच्या बायकांची असेल तर फारच चांगली, पण भिशी नंबर लागेल तेव्हाच मिळते आणि ताप काही नंबर बघून येत नाही. सगळे पैसे एकाच पतपेढीत किंवा एकाच सहकारी बँकेत नकोत, भले मॅनेजर आपल्या आळीतला असो. बँक बुडाली तर ठेव विम्यातून एका बँकेत एका माणसाचे, व्याज धरून, ५ लाखांपर्यंतचेच परत मिळतात, आणि पतपेढीला तर हा विमाच नसतो. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पर्यंत फक्त १ लाख होती. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढायची परवानगी होती, त्या बातम्या मुंबईकर अजून विसरले नसतील.

दुसरी घबराट म्हणजे हॉस्पिटल. नोकरीतला ग्रुप मेडिक्लेम आहे म्हणून निवांत बसू नका, तो नोकरीबरोबर जातो आणि नोकरी नेमकी नको तेव्हा जाते, म्हणून स्वतःचा वेगळा आरोग्य विमा घ्या, जमेल तेवढ्या तरुणपणी. कमावत्या माणसाचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा, पण ह्यातच आला. पैसे परत मिळणाऱ्या पॉलिसीच्या मागे लागू नका, मामा एजंट असला तरी. हप्ता परवडतच नसेल तर बँकेच्या खात्यातून वर्षाला २० रुपयांत अपघाताचा २ लाखांचा आणि ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवन विमा मिळतो, पंतप्रधान सुरक्षा विमा आणि जीवन ज्योती. खूप मोठं काही नाही, पण दशक्रियेसाठी कर्ज काढायची वेळ तरी येत नाही. आणि हॉस्पिटलात ॲडमिट व्हायच्या आधी महात्मा फुले जन आरोग्य योजना तिथे चालते का हे विचारा, निघताना विचारून उपयोग नसतो.

पगारच १५-१८ हजार असेल तर हे सगळं वाचून चिडचिड होणार, आणि ती बरोबर आहे. तिथे बचतीची टिप काही कामाची नाही, कमाई वाढायला हवी, बस्स. पोस्टात १०० रुपयांपासून आरडी निघते, ती जरूर काढा, पण त्याबरोबर ड्रायव्हिंगचं लायसन्स, टॅली, नर्सिंगचा कोर्स, शिवणकामाचं मशीन, जे काही कमाई एक पायरी वर नेईल त्यावर खर्च करायला घाबरू नका.

दुसरा आकडा: वेळ आणि सोय

घबराट संपली की पैशाचं काम बदलतं, तो आता वेळ विकत घ्यायला वापरायचा. आणि इथे आपली मराठी माणसं विचित्र वागतात. सत्तर हजारांचा फोन हप्त्यावर घेतील पण पोळ्यांना बाई लावायची म्हटली की 'दोन माणसांच्या पोळ्या त्या काय करायच्या'. हे वाक्य घरात कोण म्हणतं ते बघा, सहसा ज्याला लाटायच्या नसतात तोच.

२०१७ मध्ये अमेरिका, कॅनडा, डेन्मार्क, नेदरलँड्स अशा देशांतल्या सहा हजारांवर लोकांचा एक अभ्यास झाला, त्यात वेळ वाचवायला पैसे देणारे लोक जास्त समाधानी निघाले, आणि हे फक्त श्रीमंतांपुरतं नव्हतं. कॅनडात त्यांनी नोकरदार लोकांना एका शनिवार-रविवारी ४० डॉलर वस्तूंवर आणि दुसऱ्या शनिवार-रविवारी ४० डॉलर वेळ वाचवण्यावर उडवायला दिले, तर दुसऱ्या खेपेला लोक जास्त खूश होते. गंमत म्हणजे नुसतं विचारलं की हे पैसे कशावर घालवाल, तर वेळ वाचवायला असं उत्तर जेमतेम २ टक्के लोकांनी दिलं.

तर कागदावर परत या. ज्या कामांनी तुमचा आठवडा खाल्लाय त्यातली दोन निवडा. महिन्याला किती रुपयांत ती दुसऱ्याकडे जातील ते लिहा. पोळ्या, भांडी, इस्त्री, शाळेची व्हॅन. अंबरनाथहून रोज फोर्टला येणाऱ्याने एकदा तरी हिशोब मांडून बघावा की ठाण्यात भाड्याने राहिलो तर जादा किती जातील आणि महिन्याला किती तास परत मिळतील, कधी उत्तर 'अंबरनाथच बरं' असं येतं, ते पण चालतं, निदान रोजची चुटपुट तरी थांबते. आणि मावशींचे पैसे देताना घासाघीस करू नका, आपला वेळ स्वस्तात मिळावा म्हणून तिचा वेळ फुकट घ्यायचा हा काही हिशोब झाला नाही. सणाला एक पगार जास्तीचा, आणि आठवड्याची सुट्टी पगार न कापता.

पगारवाढीचं पण इथेच सांगून टाकते. संशोधक उत्पन्न आणि सुख मांडतात तेव्हा रुपयात न मोजता पटीत मोजतात. २० हजारांचे ४० झाले की जेवढा फरक पडतो साधारण तेवढाच फरक परत पडायला ४० चे ८० व्हावे लागतात, त्यापुढे १ लाख ६०. म्हणून ८० हजारवाल्याला १० हजारांच्या वाढीसाठी हैदराबादची बदली, आठवड्याने घरी, मुलं फोनवर, असला सौदा येतो तेव्हा त्याने रक्कम न बघता टक्के बघावेत. साडेबारा टक्के. त्यातून दुसरं बिऱ्हाड वजा करा. काय उरलं?

तिसरा आकडा, जो शून्यावर आणायचाय

लोकांना दिसावं म्हणून जाणारा पैसा. ह्याला अंत नसतो कारण त्याची फूटपट्टी शेजाऱ्याच्या हातात असते.

नॉर्वेत प्रत्येकाच्या कराची माहिती पहिल्यापासून सार्वजनिक आहे, पण २००१ साली ती इंटरनेटवर नुसतं नाव टाकून शोधता यायला लागली. लोक शेजाऱ्यांचे, मेव्हण्यांचे, ऑफिसमधल्यांचे पगार बघत बसले. पुढे त्यावर अभ्यास झाला तर श्रीमंत आणि गरीब ह्यांच्या सुखातलं अंतर त्यानंतर जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढलेलं निघालं. कोणाच्या खिशात काही बदललं नव्हतं, फक्त कळलं होतं. नंतर २०१४ मध्ये सरकारने असं केलं की तुमची माहिती कोणी बघितली हे तुम्हाला दिसणार, त्याबरोबर बघणाऱ्यांची संख्या धाडकन खाली आली. व्हॉट्सॲप स्टेटस कोणी बघितलं हे दिसतं तरी आपण बघतोच, तेवढे आपण निर्लज्ज आहोत हा भाग वेगळा.

आपल्याकडे ह्या आकड्याचा राजा म्हणजे लग्न. करायचं काय ते सांगते, हॉल बघायला जायच्या आधी रक्कम ठरवा, दोन्ही घरांनी मिळून, आणि ती लिहून ठेवा. हॉलवाल्याकडे आधी गेलात तर रक्कम तो ठरवतो. मग त्या रकमेतून आधी नवरा-नवरीच्या नावाने घराचं डिपॉझिट बाजूला काढा, उरलेल्यात काय बसतं ते बघा, प्री-वेडिंग शूट बसलं तर बसलं. मानपानावरून कोणी रुसलं तर रुसू दे, मानाची साडी परत नेसलेली मी तरी क्वचितच बघितलीय, ती पुढच्या लग्नात दुसऱ्या कोणाच्या ओटीत जाते. लग्नासाठी पर्सनल लोन मात्र काढू नका. आणि शेती विकून तर नाहीच, हे मी अगदी हात जोडून सांगते.

हे दोघांनी बसून करायचं

नवराबायकोच्या कागदावरच्या खुणा जुळत नाहीत, हे गृहीत धरा. वेगवेगळे कागद भरा आणि मग समोर ठेवा. त्याच्या 'प' मध्ये गाडी असते, तिच्या 'प' मध्ये माहेरी पाठवायला पैसे मागावे लागतात हे असतं. म्हणून एक नियम आधीच करा, दोघांच्याही स्वतंत्र खात्यात दर महिन्याला थोडी रक्कम जाणार, जिचा हिशोब कोणी कोणाला विचारायचा नाही, बायको कमावती असो नसो. 'अहो, जरा पाचशे देता का' ह्या वाक्यातच किती सुख वाया जातं ते फक्त म्हणणारीला कळतं. घरात सासूबाई असतील तर त्यांच्याही खात्यात. म्हातारपणी नातवाच्या हातावर नोट ठेवता येणं ही चैन नाही हो.

त्याच बैठकीत सगळ्या खात्यांची, विम्याची, पीएफची यादी करा, नॉमिनी कोण आहे ते तपासा. लग्नाआधी उघडलेल्या खात्यावर अजून वडिलांचं नाव असतं बऱ्याच जणांचं.

आता परदेशी आकड्यांबद्दल

तुम्हाला कोणीतरी सांगेल की ७५,००० डॉलरच्या पुढे पैशाने सुख वाढत नाही असं सिद्ध झालंय. ते आलं २०१० च्या काह्नेमन आणि डीटन ह्या संशोधकांच्या अभ्यासातून, तो अमेरिकेचा होता, आणि त्यातही रोजचा मूड तिथे थांबत होता, आयुष्याबद्दलचं समाधान पुढे वाढतच होतं, हा दुसरा अर्धा भाग फॉरवर्डमध्ये गळतो. २०२१ मध्ये किलिंग्सवर्थ ह्या दुसऱ्या संशोधकांना फोनवरून दिवसभर लोकांचा मूड टिपताना असा थांबा सापडलाच नाही. मग काह्नेमन आणि किलिंग्सवर्थ ह्यांनी भांडत न बसता २०२३ मध्ये एकत्र पेपर लिहिला, तर निघालं असं की बहुतेकांचं सुख उत्पन्नाबरोबर वाढत जातं, पण जे सगळ्यात दुःखी असतात अशा साधारण २० टक्के लोकांचं मात्र १ लाख डॉलरच्या आसपास थांबतं. म्हणजे तुमच्या कागदावरचा 'न'. बोलत नसलेला भाऊ, गेलेलं माणूस, मनातून न जाणारी उदासी. त्यासाठी पैसा साठवत बसू नका, भावाला फोन करा, उदासी आठवडेच्या आठवडे जात नसेल तर डॉक्टर गाठा. ती फी मात्र पहिल्या आकड्यातच धरा.

तसंच ते वर्षाच्या खर्चाच्या २५ पट साठले की नोकरी सोडा वालं गणित, ते बेंगन नावाच्या अमेरिकन सल्लागाराने १९९४ मध्ये तिथल्या बाजाराची जुनी आकडेवारी घेऊन मांडलेल्या हिशोबावर उभं आहे, तीस वर्षांच्या निवृत्तीसाठी. चाळिशीत नोकरी सोडणाऱ्या पुणेकराला ते जसंच्या तसं लागू होत नाही, इथली शाळेची फी आणि हॉस्पिटलची बिलं वेगळ्याच वेगाने पळतात. तेव्हा तो आकडा दिशा म्हणून ठेवा.

आकडा लिहिला, पुढे?

पहिल्या आकड्याची एकूण रक्कम आणि दुसऱ्याचा महिन्याचा खर्च, दोन्ही एका ओळीत लिहा, खाली तारीख टाका आणि दर पाडव्याला दुरुस्त करा, कारण महागाई आहे, मुलं मोठी होतात, आईबाबा थकतात. पण त्याच्या शेजारी अजून एक ओळ लिहा, आत्ताच, आकडा लांब असताना. हा आकडा गाठला की मी काय बंद करणार? रविवारची ट्यूशनची बॅच, दुसरी शिफ्ट, बॉसचे रात्री दहानंतरचे फोन, काय ते नाव घेऊन लिहा. गाठल्यावर ठरवू म्हटलं की तोपर्यंत शेजारच्याने एसयूव्ही घेतलेली असते आणि आकडा पुढे सरकतो. ही ओळ घरातल्या सगळ्यात फटकळ माणसाला वाचून दाखवा. बहुतेक घरांत तो माणूस दहा-बारा वर्षांचा असतो, आणि तो विसरत नाही.